मालवाहू विमाने आणि आपले हवाई दल : खरे वळण कोणत्या विमानाने दिले?

नभोवाट (धागाकर्ता)

हवाई दलाच्या इतिहासावरचे कोणतेही मराठी लेखन उघडले की त्यात नॅट, मिग, मिराज आणि सुखोई ही लढाऊ विमाने भरभरून भेटतात. मालवाहू विमानांच्या वाट्याला मात्र एखादा परिच्छेद येतो. ही उणीव मला अनेक वर्षे खटकते आहे, म्हणून हा धागा.

८ ऑक्टोबर १९३२ रोजी हवाई दलाची स्थापना झाली आणि १ एप्रिल १९३३ रोजी कराचीच्या ड्रिग रोड तळावर पहिल्या स्क्वॉड्रनची पहिली तुकडी चार वापिटी विमानांसह उभी राहिली. पुढची तेरा वर्षे या दलाकडे स्वतःची वाहतूक स्क्वॉड्रन नव्हती. १२ क्रमांकाची स्क्वॉड्रन डिसेंबर १९४५ मध्ये कोहाट येथे स्पिटफायर विमानांवर उभारली गेली आणि १९४६ मध्ये तिच्याकडे वाहतुकीची डाकोटा विमाने आली. फाळणीच्या वाटणीत ही स्क्वॉड्रन आपल्याकडे राहिली. २७ ऑक्टोबर १९४७ च्या सकाळी, म्हणजे काश्मीरच्या विलीनीकरणाच्या करारावर सही झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, याच स्क्वॉड्रनच्या आणि खासगी कंपन्यांच्या डाकोटांनी पहिल्या शीख पलटणीला श्रीनगरात उतरवले. त्या पलटणीचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल दिवाण रणजित राय त्याच दिवशी बारामुल्लाच्या बाजूला लढताना कामी आले. ती विमाने आणखी काही दिवस उशिरा पोहोचली असती, तर उतरायला धावपट्टीच आपल्या हातात राहिली नसती.

माझे मत असे की हवाई दलाच्या इतिहासातले सर्वात मोठे वळण डाकोटाने दिले. आपल्याला काय वाटते? ज्यांच्या घरातले कोणी या विमानांवर होते किंवा ज्यांनी यांतून प्रवास केला आहे, त्यांनी अवश्य लिहावे.

डोंगरवाट

डाकोटाविषयी पूर्ण सहमत. फक्त श्रीनगरवर थांबू नका, कारण श्रीनगरची धावपट्टी आधीपासून होती. खरे धाडस पूंछ आणि लेह येथे झाले.

पूंछ शहर वेढले गेले होते आणि आत सैनिकांसोबत हजारो निर्वासित अडकले होते. त्या निर्वासितांच्याच हातांनी एक छोटी धावपट्टी तयार झाली. तिच्या आसपास टेकड्या होत्या आणि त्या टेकड्यांवर शत्रू होता. एअर कमोडोर मेहर सिंग यांनी तिथे डाकोटा उतरवली आणि मग जाताना दारूगोळा व धान्य, येताना जखमी व निर्वासित अशी ये-जा सुरू झाली. पुढे तर रात्री कंदिलांच्या उजेडात तोफा उतरवल्या गेल्या.

लेहची गोष्ट त्याहून मोठी आहे. २४ मे १९४८ रोजी मेहर सिंग यांनी मेजर जनरल थिमय्या यांना शेजारी बसवून झोजी ला आणि फोटू ला या खिंडी ओलांडल्या आणि लेहमध्ये विमान उतरवले. लेहच्या मातीला त्यापूर्वी विमानाचे चाक लागलेले नव्हते. डाकोटाच्या आत हवेचा दाब राखण्याची सोय नसते. नकाशा अपुरा, हवामानाचा अंदाज सांगणारे कोणी नाही आणि उतरल्यावर इंजिन पुन्हा सुरू होईल याची खात्रीही नाही. धावपट्टी लडाखी अभियंते सोनम नोरबू यांनी स्थानिक लोकांना हाताशी धरून सिंधूच्या काठावर तयार केली होती. या माणसाचे नाव डाकोटाच्या प्रत्येक उल्लेखासोबत घेतले जावे, असे मला मनापासून वाटते.

निवृत्त फिटर

मी सांगली जिल्ह्यातला. हवाई दलात इंजिन फिटर म्हणून भरती झालो आणि माझ्या नोकरीची बरीच वर्षे एएन-३२ या सोव्हिएत वाहतूक विमानावर गेली. डाकोटाविषयी आदर आहेच, पण माझे मत एएन-३२ ला.

बाहेरच्या माणसाला या विमानाची पहिली ओळख होते ती त्याच्या इंजिनांवरून. ती पंखाच्या वर, इतकी उंच बसवलेली आहेत की विमान खांदे उडवून उभे आहे असे वाटावे. त्याचे कारण आहे. पंखे मोठे आहेत, जमिनीपासून ते वर राहायला हवेत, आणि कच्च्या धावपट्टीवरचे दगडगोटे इंजिनात जाता कामा नयेत. विरळ हवेत आणि उन्हाळ्यात ताकद कमी पडू नये म्हणून एएन-२६ च्या सांगाड्यावर त्याहून कितीतरी दणकट इंजिने चढवून हे विमान तयार झाले आणि ते घडवताना भारताची गरजच डोळ्यांसमोर होती. १९८४ पासून शंभराहून अधिक विमाने आपण घेतली.

हिवाळ्यातली एक सकाळ सांगतो. चंदीगडहून पहाटे निघायचे, कारण लेहला दुपारकडे वारा सुटतो आणि हवा तापली की उचलता येणारे वजन घटते. लेहला चढाच्या दिशेने उतरायचे आणि उताराच्या दिशेने उडायचे, कारण एका बाजूला डोंगर आडवा आहे. विमान थांबले की आम्ही इंजिने बंद करत नसू. त्या थंडीत ती पुन्हा सुरू झाली नाहीत तर विमान तिथेच मुक्कामाला, आणि मागून येणाऱ्याला जागा नाही. पंखे फिरत असतानाच मागचा रॅम्प, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याची उतरती फळी, खाली सरकायचा. एएन-३२ चा रॅम्प नुसता उघडत नाही, तो विमानाच्या पोटाखाली सरकवताही येतो, म्हणजे ट्रक थेट दाराला लावता येतो. बटाट्याची पोती, केरोसिनची पिंपे, औषधांच्या पेट्या, कधी जिवंत बकरे, आणि सगळ्यात शेवटी टपालाची पिशवी. उतरवून घेणारे जवान बाकी सगळे सोडून आधी ती पिशवी कुठे आहे ते विचारत.

एकदा एका नळीच्या जोडाची लॉकिंग वायर तुटलेली दिसली. जाड हातमोज्यांनी ती तार वळता येत नाही, म्हणून मी उजव्या हातातला मोजा काढला. काम दोन-तीन मिनिटांचे होते. तेवढ्यात बोटांची कातडी धातूला चिकटली आणि सोडवताना थोडी तिथेच राहिली. दुखले ते चंदीगडला परतल्यावर, बोटांत ऊब आली तेव्हा. त्या विमानाने मला कधी दगा दिला नाही आणि मीही त्याच्या बाबतीत कधी हयगय केली नाही.

पनवेलकर

फिटर काका, टपालाच्या पिशवीचे वाचून डोळ्यांत पाणी आले. अजून लिहा.

साताऱ्याची लेक

हा धागा वाचून राहवले नाही. माझे वडील छत्रीसैनिकांच्या दुसऱ्या पॅरा बटालियनमध्ये होते. या बटालियनच्या नावापुढे कंसात ‘मराठा’ असे लिहिले जाते, कारण ती मूळची मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण. बांगलादेशाच्या युद्धात, ११ डिसेंबर १९७१ रोजी, तिने तिथल्या टांगाईलजवळ छत्र्यांनी उडी घेतली. त्यात माझे वडील होते.

वडील फार बोलत नसत. जे बोलत त्यातले एवढे आठवते की विमानात बोलण्याचा आवाज कोणालाच ऐकू येत नव्हता, शेजारच्या माणसाचा गुडघा आपल्या गुडघ्याला लागून थरथरत होता आणि तो आपला की त्याचा ते कळत नव्हते. हिरवा दिवा लागला आणि पुढचा माणूस दिसेनासा झाला. खाली भातखाचरे होती. उतरल्यावर गावातले लोक अंधारातून धावत आले आणि त्यांनी छत्र्यांसोबत टाकलेल्या जड पेट्या डोक्यावरून वाहून दिल्या. एका म्हातारीने त्यांना नारळाच्या करवंटीतून पाणी दिले होते. टांगाईलचे नाव निघाले की ते त्या म्हातारीबद्दलच सांगत.

ते कोणत्या विमानातून उतरले ते मला माहीत नाही. वडील आता नाहीत. जाणकारांनी सांगावे.

अभ्यासू

ताई, आपल्या वडिलांना मानाचा मुजरा.

टांगाईलच्या कामगिरीत डाकोटा, पॅकेट, एएन-१२ आणि कॅरिबू अशी चारही प्रकारची विमाने होती. त्यामुळे केवळ तारखेवरून विमान सांगता येणार नाही. विमानाच्या आकाराविषयी त्यांनी काही सांगितल्याचे आठवते का? बाजूच्या दारातून उडी मारली की मागून, शेपटी कशी होती, यावरून ओळख पटू शकेल.

त्या उडीचा हेतूही सांगतो. लेफ्टनंट कर्नल कुलवंत सिंग पन्नू यांच्या नेतृत्वाखाली बटालियनने लोहाजंग नदीवरचा पूंगली पूल ताब्यात घेतला. मैमनसिंगहून ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट त्यामुळे तुटली. १६ डिसेंबरला ढाक्यात सर्वप्रथम शिरलेल्या भारतीय सैनिकांत हीच बटालियन होती. मालवाहू विमानांनी एका रात्रीत युद्धाचा नकाशा बदलला याचे यापेक्षा ठळक उदाहरण आपल्या इतिहासात मला दिसत नाही.

कृष्णाकाठ

चर्चा छान चालली आहे, पण मला थोडे कडू बोलावेसे वाटते. आपण शौर्याच्या कथा सांगतो तेव्हा एक गोष्ट झाकली जाते, ती म्हणजे वाहतूक विमानांची खरेदी आपण नेहमी संकट ओढवल्यावर केली. सीमेवर रस्ते नाहीत हे १९४७ पासून ठाऊक होते, तरी १९६२ चे चीन युद्ध उजाडेपर्यंत आपण झोपलेलो होतो. वैमानिकांच्या धाडसाने नियोजनाची भोके बुजवली.

अभ्यासू

कृष्णाकाठ यांच्या तळमळीशी सहमत, तपशिलाशी नाही. अमेरिकन पॅकेट विमाने १९५४ मध्ये, म्हणजे युद्धाच्या आठ वर्षे आधी आली. सोव्हिएत एएन-१२ विमाने १९६१ मध्ये आली. म्हणूनच तर ऑक्टोबर १९६२ मध्ये ती हाताशी होती आणि २० लान्सर्स या रणगाडा पलटणीचे एएमएक्स-१३ रणगाडे लडाखमधल्या चुशूलला पोहोचवता आले. त्या काळात साडेचौदा हजार फुटांच्या आसपासच्या पट्टीवर रणगाडा विमानाने नेणे हे जगात इतरत्रही कोणी करत नव्हते.

पॅकेटचे तर विशेष सांगायला हवे. या विमानाची दोन इंजिने लडाखच्या उंचीला कमी पडत होती, म्हणून आपल्या लोकांनी त्याच्या पाठीवर एक छोटे जेट इंजिन बसवले. उड्डाण घेताना आणि उंची गाठताना ते चालवायचे. २३ जुलै १९६२ रोजी स्क्वॉड्रन लीडर राजे यांनी असेच पॅकेट दौलत बेग ओल्डीला उतरवले. ती पट्टी साडेसोळा हजार फुटांहून उंच आहे. त्या दिवशी ते विमान तिथे टेकले हे खरेदीचे यश नव्हते, तर कार्यशाळेचे होते.

नियोजन चुकले ते विमानांच्या संख्येत आणि रस्त्यांत. विमाने होती, ती पुरेशी नव्हती.

कृष्णाकाठ

चूक दाखवल्याबद्दल आभार. १९६१ आणि १९५४ या दोन्ही तारखा माझ्याकडून सुटल्या. ‘संख्या कमी पडली’ एवढेच माझे म्हणणे उरते आणि ते मी धरून आहे.

उत्तररात्र

एएन-१२ चा विषय निघाला आहे तर १९७१ मधले त्याचे दुसरे रूप सांगतो. बॉम्बफेकी विमाने मोजकी होती, म्हणून ४४ व्या स्क्वॉड्रनने या मालवाहू विमानालाच बॉम्बफेकी बनवले. मागची दारे उघडायची आणि लाकडी फळ्यांवर रचलेले बॉम्ब ढकलून द्यायचे. युद्धाच्या पहिल्या रात्रीच लाहोरच्या नैर्ऋत्येला असलेल्या चांगा मांगा जंगलातल्या दारूगोळ्याच्या साठ्यावर अशी बॉम्बफेक झाली. स्क्वॉड्रनचे प्रमुख विंग कमांडर वसिष्ठ यांना महावीरचक्र मिळाले. इतके मोठे, संथ, जड विमान शत्रूच्या आकाशात रात्री नेणे याला काळीज लागते.

एएन-१२ च्या मुख्य पोटात हवेचा दाब राखला जात नव्हता, फक्त पुढच्या छोट्या कक्षात राखला जाई. म्हणजे मागे बसलेल्या जवानांना आणि बॉम्ब ढकलणाऱ्यांना थंडी आणि विरळ हवा दोन्ही सोसावी लागत.

ओझरकर

या सगळ्यात कानपूरचे नाव कोणीच घेतले नाही, याचे मला वाईट वाटले. १ नोव्हेंबर १९६१ रोजी कानपूरच्या चकेरी तळावर बांधलेल्या पहिल्या एव्हरो विमानाने उड्डाण केले. त्याला ‘सुब्रतो’ नाव दिले होते, आदल्या वर्षी निधन पावलेले हवाई दलप्रमुख सुब्रतो मुखर्जी यांच्या स्मरणार्थ. जुन्या हँगरमध्ये हा कारखाना उभा केला एअर व्हाइस मार्शल हरजिंदर सिंग यांनी. ते मुळात हवाई दलाच्या अगदी पहिल्या तुकडीतले ‘हवाई सिपाही’, म्हणजे फिटर काकांसारखे हातात पाना धरून सुरुवात केलेले. वाहतूक विमान देशात बांधता येते हे या माणसाने दाखवून दिले. माझे मत एव्हरोला.

डोंगरवाट

ओझरकर, हरजिंदर सिंग यांच्याविषयीचा आदर मान्य, पण एव्हरोला मत देणे मला पटत नाही. सीमेवरच्या उंच पट्ट्यांना ते विमान उपयोगी नव्हते. मागे रॅम्प नाही, वजन उचलण्याची ताकद बेताची आणि उष्ण दिवसात ती आणखी घटणार. प्रशिक्षण आणि माणसांची ने-आण यांत त्याने उत्तम सेवा दिली. मात्र ज्या कामासाठी आपल्याला विमान हवे होते, ते काम पॅकेट आणि डाकोटा वय झाल्यावरही करत राहिल्या. त्या दोघी १९८० च्या दशकापर्यंत चालवाव्या लागल्या त्या यामुळेच.

ओझरकर

ते विमान लेहला काय करू शकले नाही याचा हिशेब योग्य आहे, पण दुसरा हिशेबही मांडू या. कानपूरला शिकलेल्या हातांनी पुढे त्याच शहरात, एक क्रमांकाच्या दुरुस्ती डेपोत, एएन-३२ ची संपूर्ण दुरुस्ती केली. युक्रेनशी २००९ मध्ये एएन-३२ च्या नूतनीकरणाचा करार झाला तेव्हा काही विमाने तिकडे गेली आणि बाकीची इथे करायची ठरली. पुढे युक्रेनमधून सुटे भाग मिळणे अवघड झाले, तेव्हा इथल्या लोकांना किती झगडावे लागले ते फिटर काका सांगू शकतील.

निवृत्त फिटर

मी तोवर निवृत्त झालो होतो, त्यामुळे ऐकीव सांगणार नाही. एक मात्र सांगतो. परदेशी विमानाचे खरे आयुष्य त्याच्या सुट्या भागांच्या पेटीवर अवलंबून असते. आमच्या काळात एकेका सीलसाठी विमान आठवडेच्या आठवडे हँगरमध्ये उभे राहिलेले मी पाहिले आहे आणि तेव्हा छातीत कळ यावी तसे वाटे. त्यामुळे कानपूरविषयी ओझरकर म्हणतात त्याला माझा पाठिंबा आहे.

कावेरी

या धाग्यावर एक गोष्ट लिहिली जायलाच हवी.

७ फेब्रुवारी १९६८ रोजी चंदीगडहून लेहला निघालेले एएन-१२ विमान खराब हवेमुळे परत फिरले आणि रोहतांगच्या परिसरात नाहीसे झाले. त्यात १०२ जण होते. २००३ मध्ये गिर्यारोहकांना हिमनदीत त्याचे अवशेष सापडले आणि त्यानंतर मोहिमा होत राहिल्या. सप्टेंबर २०२४ मध्ये, म्हणजे छप्पन्न वर्षांनी, चार जवानांचे मृतदेह बर्फातून मिळाले.

२२ जुलै २०१६ रोजी तांबरमहून पोर्ट ब्लेअरला जाणारे एएन-३२ बंगालच्या उपसागरावर बेपत्ता झाले. त्यात २९ जण होते. त्याचे अवशेष जानेवारी २०२४ मध्ये चेन्नईपासून सुमारे १४० सागरी मैलांवर, ३,४०० मीटर खोल समुद्रतळावर, राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेच्या स्वयंचलित पाणबुडी यंत्राला दिसले. ३ जून २०१९ रोजी जोरहाटहून मेचुकाला निघालेले एएन-३२ अरुणाचलच्या डोंगरात कोसळले आणि १३ जण गेले. आठ दिवस शोध चालला होता.

यांतले बहुतेक जण युद्धात नव्हते. रोजच्या फेरीवर होते. सुट्टीवरून परतणारे होते, बदलीवर निघालेले होते. ‘मालवाहू’ या शब्दात माणसे दिसत नाहीत, म्हणून मला तो शब्द कधीकधी बोचतो.

नभोवाट

कावेरीताई, आपण योग्य वेळी योग्य आठवण करून दिली. शब्दाविषयीचे आपले म्हणणेही पटले. यापुढे मी ‘वाहतूक विमान’ म्हणत जाईन.

उत्तररात्र

आयएल-७६ अजून आले नाही, म्हणून थोडक्यात. १९८५ पासून हवाई दलात ‘गजराज’ नावाने ते ओळखले जाते. ३ नोव्हेंबर १९८८ रोजी मालदीवमध्ये भाडोत्री सशस्त्र टोळीने सत्ता बळकावण्याचा प्रयत्न केला तेव्हा त्या देशाने मदत मागितली आणि त्याच रात्री आग्र्याहून दोन आयएल-७६ विमाने ब्रिगेडियर फारुख बलसारा यांच्या छत्रीसैनिकांना घेऊन दोन हजारांहून अधिक किलोमीटर दूर तिथल्या हुलुले या विमानतळाच्या बेटावर थेट उतरली. धावपट्टी कोणाच्या ताब्यात आहे याची पूर्ण खात्री उतरेपर्यंत नव्हती. देशाच्या सीमेबाहेर, समुद्रापलीकडे, काही तासांत फौज नेण्याची ताकद आपल्याला या विमानाने दिली. धागाकर्त्यांच्या प्रश्नातल्या ‘वळण’ या शब्दाचा मी असा अर्थ घेतो, आणि म्हणून माझे मत गजराजला.

पनवेलकर

मला इतिहास फारसा ठाऊक नाही, पण ११ ऑक्टोबर २०२४ चा दिवस लक्षात आहे. नवी मुंबई विमानतळाच्या धावपट्टीवर पहिल्यांदा विमान उतरले ते हवाई दलाचे सी-२९५. आम्ही लांबून, एका इमारतीच्या गच्चीवरून पाहिले. आवाज अपेक्षेपेक्षा कमी, पंख रुंद, आणि चाके टेकल्यानंतर फारच थोड्या अंतरात वेग मंदावला. पाण्याच्या फवाऱ्यांची कमान झाली तेव्हा शेजारच्या आजोबांनी हात जोडले. हेच विमान एव्हरोची जागा घेणार आहे ना?

बडोद्याहून

होय, हेच. आमचे घराणे गायकवाडांच्या काळापासून इथले. सप्टेंबर २०२१ मध्ये ५६ विमानांचा करार झाला. त्यातली १६ स्पेनमधल्या सेव्हिलहून तयार होऊन आली आणि उरलेली ४० आमच्या शहरातल्या कारखान्यात बांधली जात आहेत. पहिले विमान सप्टेंबर २०२३ मध्ये सेव्हिलला स्वीकारले ते एअर चीफ मार्शल विवेक राम चौधरी यांनी, म्हणजे नांदेड जिल्ह्यातल्या सुपुत्राने. तेही विमान बडोद्यालाच आले आणि ११ व्या स्क्वॉड्रनकडे गेले, जी आधी एव्हरो उडवत असे. या विमानाला मागे रॅम्प आहे, त्यामुळे डोंगरवाट यांची एव्हरोविषयीची एक तक्रार तरी मिटली.

ओझरकरांना एक सांगतो. संपूर्ण लष्करी वाहतूक विमान खासगी कारखान्यात बांधण्याची देशातली ही पहिलीच वेळ आहे. कानपूरनंतर साठ वर्षांनी हा धागा पुन्हा जोडला गेला.

ओझरकर

साठ वर्षांचा मधला खंड मला सलतो. पण आपले वाक्य वाचून बरे वाटले.

डोंगरवाट

दौलत बेग ओल्डीचा पुढचा अध्याय राहिला. १९६० च्या दशकानंतर ती पट्टी वापराबाहेर गेली होती. ३१ मे २००८ रोजी ग्रुप कॅप्टन चाफेकर यांनी चंदीगडहून एएन-३२ नेऊन तिथे उतरवले. सोबत पश्चिम विभागाचे प्रमुख एअर मार्शल बारबोरा होते. पक्की धावपट्टी नाही, फक्त दाबलेली माती आणि खडी. दोन इंजिनांपैकी एक बिघडले तर परतीचा मार्ग नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी तिथे चार इंजिनांचे सी-१३०जे उतरले, तेव्हा कुठे ही फेरी जरा निर्धास्त झाली.

फिटर काकांनी एएन-३२ ला मत का दिले, ते २००८ च्या त्या उड्डाणावरून मला उमगले.

अभ्यासू

सी-१३०जे विषयी दोन ओळी. जून २०१३ च्या उत्तराखंडच्या प्रलयात हेच विमान धरासूच्या आखूड पट्टीवर इंधन घेऊन उतरले आणि त्या इंधनावर हेलिकॉप्टरे उडत राहिली. एप्रिल २०२३ मध्ये सुदानमध्ये वादी सय्यिदना येथे दिवे नसलेल्या पट्टीवर रात्री उतरून त्याने १२१ जणांना सोडवून आणले. आजचे सी-१७ वाहतूक विमान एका खेपेत सत्तर टनांहून अधिक वजन नेते. श्रीनगरला गेलेली डाकोटा तीन टनांच्या आसपास नेत असे.

निवृत्त फिटर

डोंगरवाट यांच्या प्रतिसादावरून मनात आले ते लिहितो. आपण सगळे विमानांना मते देत आहोत, पण प्रत्येक गोष्टीत एक पट्टी आहे. पूंछची निर्वासितांनी केली, लेहची नोरबू साहेबांनी लोक जमवून केली, दौलत बेग ओल्डीची जवानांनी दगड वेचून केली. पट्टीवरचा एक मोठा दगड राहिला तर टायर फुटतो आणि सगळे मुसळ केरात. लेहला बर्फ पडला की पहाटे फावडी घेऊन झाडणारे मजूर मी पाहिले आहेत. विमान दिसायच्या आधी ते बाजूला होत आणि विमान गेले की पुन्हा पट्टीवर येत. त्यांच्याशिवाय आमचे चाक टेकले नसते.

नभोवाट

काका, आपल्या या प्रतिसादाने माझा प्रश्नच थोडा हलला. डाकोटावरचा माझा जीव कमी झालेला नाही, पण आता मी श्रीनगरच्या त्या सकाळीकडेही वेगळे पाहतो. ३ नोव्हेंबर १९४७ रोजी बडगामला मेजर सोमनाथ शर्मा आणि त्यांची चौथ्या कुमाऊं पलटणीची तुकडी लढली ती श्रीनगरची धावपट्टी वाचवण्यासाठी. पहिले परमवीरचक्र एका अर्थी धावपट्टीच्या रक्षणाचे आहे, हे मी आजवर कधी असे जोडून पाहिले नव्हते.

तरी मत द्यायचेच झाले तर डाकोटालाच, आणि त्यातही २४ मे १९४८ च्या लेहच्या फेरीला.

साताऱ्याची लेक

अभ्यासू यांनी विमानाच्या आकाराविषयी विचारले होते. काल आईशी बोलले. ती म्हणाली, ‘तुझ्या भावाला झोपवताना ते पाटीवर विमान काढायचे. त्याला दोन शेपट्या असायच्या. मी म्हणायचे, विमानाला कुठे दोन शेपट्या असतात का, तर म्हणायचे, आमच्या होत्या.’

अभ्यासू

ताई, ते पॅकेट. दोन समांतर दांड्यांवर दोन शेपट्या असलेले आपल्याकडे त्या काळी तेवढेच एक वाहतूक विमान होते. त्यातून उडी मागच्या बाजूच्या दारांतून घेत.

साताऱ्याची लेक

मनापासून आभार. ती पाटी अजून आहे, फक्त चित्र पुसले गेले आहे. आज संध्याकाळी आईला पॅकेटचा फोटो दाखवला. तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिला आणि शेपट्यांवर बोट ठेवून म्हणाली, ‘हेच.’